पाय गार होते का

पंढरपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हाच मनात ठरलेलं होतं. मुखदर्शन घ्यायचं आणि दुपारची पुण्याची गाडी पकडायची.

ज्यांना पंढरपूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं रांगा दोन. पदस्पर्शाची रांग तासन्‌तास चालते, पण शेवटी तुम्ही थेट विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता. जात, गाव, हुद्दा कुणी विचारत नाही. इतक्या मोठ्या देवस्थानात एवढी मुभा क्वचितच असते. मुखदर्शनाची रांग मात्र भराभर सरकते. लांबून तोंड बघायचं, हात जोडायचे, बाहेर पडायचं. गुडघे धरलेली म्हातारी माणसं, कडेवर पोर असलेल्या बाया, परतीचं रिझर्वेशन खिशात असलेले नोकरदार, असे लोक त्या रांगेत असतात. आणि माझ्यासारखे काही. आम्हाला ते अंतर सोयीचं पडतं.

एवढ्या वर्षांत मी पाच-सहा वेळा पंढरीला गेलो असेन. एक खेप सोडली तर दर वेळी मुखदर्शन. २०२४ मध्ये गाभाऱ्याच्या संवर्धनाचं काम निघालं आणि सुमारे अडीच महिने पदस्पर्श सगळ्यांनाच बंद झाला, तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. चला, आता सगळेच माझ्या रांगेत.

या वेळी अडचण होती ती आत्याची. आत्या माझी पंचाऐंशीच्या पुढची. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यात खाटेवर पडून असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिची वारी बंद झाली. आदल्या दिवशी तिला भेटायला गेलो होतो. उद्या पंढरपूरवरून पुढं जाणार म्हटल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"माझ्या वाटचं डोकं टेकवून यी."

"दर्शन घेतो की," मी म्हणालो. असं गोलगोल बोलायला मी आता सरावलो आहे. पण आत्या कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"पाय गार हुते का त्ये सांग मला फोन करून. चैताचं दीस हायती. उटी लावत्यात त्याला. पाय लई गार असत्यात बघ."

खरंच आहे ते. गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत विठोबाला दुपारी चंदनाची उटी लावतात. उन्हाळ्याचा देवालाही ताप होतो, हे पंढरीत गृहीतच धरलेलं आहे. आषाढीला त्याचा पलंग काढून ठेवतात, रात्रंदिवस दर्शन चालतं, आणि उभ्या उभ्या तो दमेल म्हणून पाठीशी लोड देतात. इतक्या घरगुती देवाचे पाय गार आहेत की नाहीत, हे लांबून तोंड बघणाऱ्याला कळायची सोय नाही. मी रात्रभर कूस बदलत होतो आणि पहाटे ठरवलं, खोटं सांगायचं. "गार होते" म्हणायचं. दगडाचे पाय, चैत्रातली उटी, गारच असणार की.

मूळ भानगड एका तुळशीच्या माळेची आहे.

आमचे आण्णा माळकरी. दर वर्षी आळंदीपासून चालत जायचे. मी सहावीत असताना त्यांनी माझ्या गळ्यात माळ घातली. त्या वयात माळेचं कौतुकच असतं. वर्गात तिघंजण माळकरी होतो, आम्ही एकमेकांना रामकृष्णहरी म्हणायचो आणि उगाच पाया पडायचो. पुढं १९८६ साली शिकायला पुण्याला आलो. हॉस्टेलच्या मेसमध्ये रविवारी फीस्ट असायची. शाकाहारी पोरांना श्रीखंड, बाकीच्यांना कोंबडी. वास यायचा. तीन-चार महिने मी श्रीखंडावर काढले. चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी मी खोलीत गेलो, माळ काढली, कंपासपेटीत ठेवली, पेटीचं झाकण दाबून बसवलं आणि खाली जाऊन दोनदा रस्सा घेतला.

एवढंच. खून नाही, दरोडा नाही. पण माळ घालताना जे कबूल केलेलं असतं ते मोडलं की माणूस एका बाजूला होतो. "उद्या सकाळी अंघोळ करून घालू परत," असं मी म्हणालो होतो. ती सकाळ उगवली नाही. पुढच्या रविवारी परत कोंबडी होती.

दिवाळीच्या आधी आण्णा अचानक हॉस्टेलवर आले. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, ज्वारीच्या कडक भाकऱ्या. माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. त्यांची नजर गळ्यावर गेली आणि तिथंच थोडी थांबली. मग घरच्या गोष्टी झाल्या. विहिरीचं पाणी, बैलाचं पाय दुखणं, चुलत्याचा खटला. निघताना एसटीच्या दारात त्यांनी हात पुढं करून माझं वरचं बटण लावलं. म्हणाले, "गार वारं सुटलंय. बटण लावत जा." त्यावर ते कधीच काही बोलले नाहीत. पुढं बारा वर्षांनी गेले, तेव्हाही नाही.

तेव्हापासून मी वरचं बटण लावतो. ऑफिसात लोक मला फार नेटका माणूस समजत.

त्याच हिवाळ्यात आत्यानं मला गाठलं. तिला आण्णांनी सांगितलं असावं, किंवा तिनं गळ्याकडं बघून ओळखलं असावं. मला ओढत पंढरपूरला नेलं आणि पदस्पर्शाच्या रांगेत उभं केलं. पाच तास. मी तिला म्हणालो, "आत्या, मी कुठल्या तोंडानं पाया पडू?" ती खदखदा हसली. "तोंडानं कोन पाया पडतं रं? डोस्क्यानं पडत्यात." आणि मग थोडी गंभीर होऊन, "तुजं पाप लई मोटं लागून गेलं व्हय? काय केलंस त्ये तरी केवडं? कोंबडी खाल्लीस. अन्‌ आटोपंना व्हय त्याला तेवडं?"

मला त्या वयात ते लागलं. माझा अपराध एवढा किरकोळ ठरवलेला मला आवडला नव्हता. आज कळतं, मी माझ्या नालायकीला फार जपत होतो. ती माझी कमाई होती. तिच्या आडोशाला मला माळ परत घालावी लागत नव्हती, कोंबडीही सोडावी लागत नव्हती, आणि वर नम्र म्हणवून घेता येत होतं.

गाभाऱ्यात प्रत्येकाच्या वाट्याला दोन सेकंद येतात. डोकं टेकवलं न टेकवलं तोच उभा असलेला माणूस खांद्याला धरून "चला माउली, चला" म्हणून पुढं काढतो. आत्यानं तिचे दोन सेकंद माझ्यावर खर्च केले. पायांवर डोकं आपटून मोठ्यांदा म्हणाली, "आनलंय बग पोरगं. त्यानं माळ काडलीया. तुजं तू बग." तिच्या मागून मी आलो आणि वाकलोच नाही. हात जोडल्यासारखे केले आणि सरकलो. गर्दीत ते कुणाला कळलं नाही. आत्याला मात्र ते कळल्यावाचून राहिलं नसणार.

आत्याला लिहिता-वाचता येत नाही. पण अभंग शेकड्यांनी पाठ. जात्यावर बसली की विठोबाला शिव्या घालायची, आणि त्या शिव्या जनाबाईच्या आहेत हे मला फार उशिरा कळलं. "अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या." नामदेवाच्या घरची ही दासी अंगणात उभी राहून जगाच्या मालकाचं मढं काढते आहे. आणि ते वारकऱ्यांनी पुसून टाकलं नाही, सातशे वर्षं गात ठेवलं. मराठीत यासाठी एक सुरेख शब्द आहे, सलगी. सलगी धाकट्यानं करायची आणि थोरल्यानं ती चालवून घ्यायची. ती करायला पात्रता लागत नाही, ओळख लागते. आपल्या आईला "तुला काही कळत नाही" म्हणणारं पोर आधी स्वतःच्या गुणपत्रिकेकडं बघत नाही.

नामदेवांचंच बघा. देवाशी रोज बोलणारा माणूस, देव त्याच्या हातून नैवेद्य खाणारा. गोष्ट अशी आहे की संतांच्या मेळ्यात गोरोबा कुंभारांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, मडकी पक्की आहेत का. नामदेवांपाशी आले तेव्हा नामदेव कुरकुरले, आणि निकाल लागला, कच्चं मडकं. सगळ्यांसमोर. मला या गोष्टीत नेहमी पुढचाच भाग आवडतो. नालायक ठरलेला हा माणूस गेला कुठं? तर थेट विठ्ठलाकडं, तक्रार घेऊन, रडत. देवानंही "नाही रे, तू पक्काच आहेस" असं गोड गोड सांगितलं नाही. कच्चा आहेस, गुरू कर, म्हणून विसोबा खेचरांकडं धाडलं. म्हणजे कच्चेपणा खरा होता. पण तो सांगायला जायची जागा बदलली नाही.

याच नामदेवांचा तो अभंग आहे. "पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा, पतितपावन नव्हेसी म्हणुनी जातो माघारा." हा अभंग मी अनेकांना डोळे मिटून, अगदी करुण स्वरात गाताना ऐकलं आहे. मला तो तसा वाटत नाही. मला त्यात बाजारात पाटी वाचून दुकानात शिरलेला आणि माल नाही म्हटल्यावर चिडलेला गिऱ्हाईक दिसतो. पाटी लावली आहेस ना, मग दे. "घेसी तेव्हा देसी ऐसा असशी उदार, काय देवा रोधू तुमचे कृपणाचे द्वार." आणि पुढं चक्क धमकी, हातात झेंगट, म्हणजे वाजवायची थाळी, घेऊन तिन्ही लोकी दवंडी पिटीन. यात स्वतःला पुण्यवान म्हणून घेणं कुठंच नाही. उलट, पतित आहे हाच दाखला पुढं केलेला आहे. रेशनच्या दुकानात गरिबीचा दाखला नाचवावा तसा.

तुकोबांनी हा युक्तिवाद आणखी ताणला. अंधारामुळं दिव्याला शोभा, रोगामुळं वैद्याचं नाव, तसं आमच्यामुळं तुला देवपण. निरोगी माणूस वैद्याला विचारतो कशाला? देहूच्या वाण्याचा हिशेब तो. येणं-देणं उलटं मांडून ऋणकोचा धनको करून टाकला.

हॉस्टेलवर माझा खोलीचा जोडीदार नगरचा होता. त्याचे वडील चर्चमध्ये पाळक. ती पहिली कोंबडी मी त्याच्याच ताटाशेजारी बसून खाल्ली. त्याला माझी तडफड कळत होती. एका रात्री त्यानं मला शुभवर्तमानातल्या कनानी बाईची गोष्ट सांगितली. परजातीची बाई, मुलगी आजारी, येशूच्या मागं ओरडत येते. येशू तिला म्हणतो, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांपुढं टाकणं बरं नाही. फार कडू वाक्य आहे ते. ती बाई काय म्हणाली? खरंय प्रभू, पण धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातातच की. आणि मुलगी बरी झाली. "वादात हरलेला आमचा देव इथंच सापडतो," असं तो हसत म्हणाला होता. त्या वेळी मी ते सोडून दिलं. पुढं कधीतरी चोखोबांचा जोहार ऐकताना अंगावर काटा आला. "जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार. बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो." कुठं त्या बाईचा सोर-सीदोनचा मुलूख, कुठं चोखोबांचं मंगळवेढं. पण दोघांनी केलं तेच. जगानं अंगावर फेकलेला शब्द उचलला, आणि तोच हातात धरून दाराशी हक्क सांगितला.

इथं मला थांबावं लागतं. हे सगळं सलगीचं कौतुक लिहिताना एक गोष्ट सरळ पचत नाही. चोखोबांच्या मुलाला, कर्ममेळ्याला, ती पचली नव्हती. "आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती. जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमच्या चित्ता." बाप उष्ट्यासाठी आला, पोरगा विचारतो, उष्टं का? बापानं नालायकी मान्य करून वाट काढली, पोरानं नालायकीचा आरोपच देवाच्या अंगावर उलटवला. माझ्या लेखी ही सलगीची सगळ्यात उंच पायरी आहे, आणि तिला देवानं काय उत्तर दिलं ते कुठं सापडत नाही. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. आत्याच्या गावाकडं ही गोष्ट काल घडल्यासारखी सांगतात. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांची हाडं विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखली आणि पंढरीला आणली. समाधी कुठं झाली? महाद्वारात, बाहेर. ते महाद्वार त्यांच्या माणसांसाठी उघडलं १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. मधल्या सहाशे वर्षांचं काय? १९५६ मध्ये नागपूरला लाखो लोकांनी या देवाकडं पाठ फिरवून दुसरी वाट धरली. त्यांना सलगी शिकवायला जाणारा मी कोण?

म्हणून मला नालायकीच्या दोन जाती वेगळ्या कराव्या वाटतात. एक, दुसऱ्यांनी कपाळावर लिहिलेली. तिच्याशी भांडायचंच असतं, देवाशीही. दुसरी, माझ्यासारख्यांनी स्वतः घडवून गळ्यात घातलेली. मला बाहेरच्या पायरीवर कुणी बसवलं नव्हतं. पाच तास रांगेत उभं राहून, गाभाऱ्यात पोचून, मी माझा मीच वाकलो नव्हतो.

तर त्या दिवशी मुखदर्शन झालं. रांगेत माझ्यापुढं एक बाई होती, हातात कापडी पिशवी, नऊवारीचा काष्टा घट्ट. विठोबा दिसताक्षणी ती पुटपुटायला लागली. मी कान दिला. कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती. अगदी आकडे सांगून. "समदं तुला ठावं हाय आन्‌ उभा ऱ्हातूस कमरंवर हात ठिवून." पुढं ढकलली गेली तरी मान वळवून तिचं चालूच होतं. माझी पाळी आली तेव्हा मला एवढ्या लांबून काय बोलावं ते सुचेना. काळी मूर्ती, कपाळाला गंध, कमरेवर हात. डोळे भरून बघितलं म्हणतात तसंही नाही. बघितलं, आणि बाहेर आलो.

गाडीला दीड तास होता. नामदेव पायरीपाशी येऊन उभा राहिलो. देवाचा एवढा लाडका माणूस, आणि आत जाणाऱ्यांच्या पायांची धूळ डोक्यावर पडावी म्हणून पायरी होऊन राहिला. जवळच चोखोबा. एकानं आपण होऊन बाहेरची जागा मागून घेतली, दुसऱ्याला ती दिली गेली. दोन्ही ठिकाणी लोक सारखंच डोकं टेकवत होते. एक शाळकरी पोरगी आधी चोखोबांच्या पाया पडली, मग पायरीच्या, मग गोंधळून परत चोखोबांच्या. बुक्क्याचा वास, चुरमुऱ्यांचे ढीग, माळांची दुकानं. एका दुकानदारानं मला हाक मारली, "माउली, माळ बघा, अस्सल तुळस." मी म्हणालो, आहे.

आणि होती. शर्टाच्या खिशात, कागदाच्या पुडीत. कंपासपेटी कधीच गंजून गेली, पण माळ मी प्रत्येक घर बदलताना बरोबर नेली आहे. या वेळी ती का आणली होती ते मला सांगता येणार नाही. निघताना कपाटातून काढली, खिशात घातली, इतकंच.

फोन काढला. "गार होते" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तिकडं आत्याच्या नातवानं उचलला, तिच्या कानाशी धरला. मागं पंखा कुरकुरत होता.

"झालं का रं?"

"अजून नाही, आत्या." हे मी ठरवलेलं नव्हतं.

"मग फोन कशाला केलास? रांगंत उभा ऱ्हा की."

पदस्पर्शाच्या रांगेचं शेपूट शोधायलाच पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, किती वेळ लागेल. पागोटं सावरत तो म्हणाला, "चार तास तरी जातील बघा, माउली. घाई हाय का?" मी नाही म्हणालो. घरी बायकोला कळवलं, रात्री येत नाही. ती म्हणाली जेवून घे. माझ्या मागं लगेच एक आख्खं कुटुंब येऊन उभं राहिलं, त्यामुळं परत फिरायची सोयही राहिली नाही.

देवाला सांगायचं काय, याची मी जुळवाजुळव करायला लागलो. नामदेवांसारखा वकिली मुद्दा मला सुचणार नव्हता, जनाबाईसारखी शिवी तोंडात बसणार नव्हती. मग आत्याचंच वाक्य घोकून बघितलं. माळ काढलीया, तुजं तू बग. दोन सेकंदांत बसत होतं. पुढच्या माणसानं पिशवीतून भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, अर्धी भाकरी मोडून न विचारता माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, खावा. चटणी जळजळीत होती. रांग चार पावलं सरकली. वर पत्रा तापलेला, वारा नावाला नाही, अंगाची नुसती काहिली. मी शर्टाचं वरचं बटण काढलं.